शुल्क माफ, पण खोलीचे काय?

महोदय,

जर्मनीतील मोफत शिक्षणावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात घरभाड्याचा उल्लेखच नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शुल्क नसते, हे खरे (म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने मात्र २०२४ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना ते लावले आहे). पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात, आणि म्युनिकमध्ये एका खोलीलाच सातशे-आठशे लागतात. स्वस्त वसतिगृहांची प्रतीक्षायादी तर लांबलचक. बेळगावात एका सल्लागाराने मला दिलेल्या खर्चाच्या कागदावर विमा, विमान, अगदी स्वेटरसुद्धा होते. भाड्याचा रकाना कोरा! खानापूर-निपाणीकडचे पालक शेत तारण ठेवून मुलांना धाडतात. वसतिगृहाचा अर्ज लवकर भरा, खोली न पाहता डिपॉझिट पाठवू नका, एवढे तरी लेखात यायला हवे होते.

– एक पालक, टिळकवाडी, बेळगाव