सुभक्तीचा सराव

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र मिळालं. मॅरेथॉनची तयारी तू मनावर घेतली आहेस हे वाचून फार आनंद झाला. पण त्याच पत्राच्या शेवटी लिहितोस, प्रार्थनेत मन लागत नाही म्हणून सध्या बंद आहे, आतून ओढ वाटली की पुन्हा बसेन. मित्रा, धावायला जाताना तू ओढ वाटायची वाट बघतोस का? पाय जड असतात त्या दिवशीही बूट चढवतोसच ना? मग देवासमोर बसायलाच मनाची परवानगी कशाला हवी?

प्रेषित पौलाने हीच गोष्ट करिंथकरांना लिहिली, पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात. त्या लोकांना शर्यत म्हणजे काय ते सांगावं लागत नव्हतं. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन स्पर्धा भरत, आणि पौल इ.स. 50 च्या सुमारास दीड वर्ष त्या शहरात राहिला होता, तंबू बनवून पोट भरत. या स्पर्धांत जिंकणाऱ्याला पाइनच्या डहाळ्यांचा नाहीतर पाल्याचा मुकुट मिळे, थोड्याच दिवसांत वाळून जाणारा. जुन्या ऑलिंपिक स्पर्धा जिथे भरत त्या ऑलिंपियाला तर आपण दहा महिने सराव केला आहे अशी शपथ खेळाडूंना घ्यावी लागे. नाशवंत मुकुटासाठी माणसं एवढं सोसतात, आपल्यापुढे तर अविनाशी मुकुट आहे, असं पौल म्हणतो. तो स्वतःलाही सोडत नाही. आपण हवेत ठोसे मारत नाही, शरीराला ताब्यात ठेवतो, असं लिहितो.

तू लगेच विचारशील, तारण म्हणजे पापातून सुटका तर देवाच्या कृपेने आहे, मग ही कसरत कशाला? प्रश्न योग्य आहे, आणि तो मनातून कधी जाऊही देऊ नकोस. धावपटूला मुकुट शर्यत संपल्यावर मिळतो. आपल्याला मात्र पित्याने आधीच पोटाशी धरलं आहे. एखादी सकाळ चुकली म्हणून त्याची माया तसूभरही कमी होत नाही. पण लेकरू झालो तरी राग तोच राहतो, दुसऱ्याचं बरं झालेलं न बघवणारं मन तेच राहतं. ते बदलतो पवित्र आत्मा, आणि त्याच्या हाती स्वतःला रोज देणं एवढं आपलं काम. पौल फिलिप्पैकरांना एका दमात दोन्ही सांगतो: आपलं तारण भीत व कापत साधून घ्या, कारण तुमच्या ठायी कार्य करणारा देव आहे.

मला या बाबतीत एरिक लिडेल हा स्कॉटिश धावपटू फार जवळचा वाटतो. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून त्याने आपली सर्वांत भक्कम शर्यत सोडली आणि 400 मीटर 47.6 सेकंदांत जिंकली. लोक एवढंच सांगून थांबतात. मला पुढचा एरिक जास्त महत्त्वाचा वाटतो. तो मिशनरी म्हणून चीनला गेला, युद्धात जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत अडकला. तिथे तो मुलांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा, पहाटे उठून पवित्र शास्त्र वाचायचा. रविवारी पंच नसला की मुलं आपसात भांडत, तेव्हा ऑलिंपिकमध्ये रविवारी न धावलेला हा माणूस त्यांच्यासाठी रविवारीही मैदानात उतरला. नियम कशासाठी पाळायचा हे ज्याच्या अंगात मुरलं आहे, त्यालाच तो प्रेमापोटी बाजूला ठेवता येतो. 1945 च्या फेब्रुवारीत, सुटका व्हायच्या आधीच, मेंदूतल्या गाठीने तो गेला. वय 43.

आता तुझ्यापुरतं. पहिल्याच आठवड्यात 42 किलोमीटर कोणी धावत नाही, तसा पहिल्याच दिवशी तासभर प्रार्थनेचा संकल्प करू नकोस. दहा मिनिटं पुरेत, पण वेळ ठरलेली हवी. धावून आल्यावर लगेच बसलास तर उत्तम, तेव्हा तू जागा असतोस. शब्द सुचले नाहीत तर एक स्तोत्र मोठ्याने वाच आणि तीच तुझी प्रार्थना समज. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पापाबरोबर ‘भार’ही टाकायला सांगितला आहे. रात्री उशिरापर्यंत मोबाईल बघणं हे कदाचित पाप नसेल, पण तुझ्या सकाळीवर त्याचा भार पडतो, हे तूच मागे बोलला होतास. आणि एखादा दिवस गेलाच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नकोस, त्याने धावपटू जायबंदी होतात. नेहमीएवढंच कर.

मी सोमवारपासून मार्ककृत शुभवर्तमान सुरू करतोय, रोज अर्धा अध्याय. तूही तेच घे. शनिवारी रात्री फोन कर, काय वाचलंस ते सांग आणि कुठला दिवस सुटला तेही सांग, मीही सांगेन. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना सोबती