मुडद्या म्हटलं म्हणून बहिणीचं अकाउंट बंद, जात काढणारे मोकळे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोबाइल गेम कंपनीचे भारत कार्यालय

विषय : शिवीगाळीची तक्रार आम्ही केली आणि बंदी आमच्याच खात्यावर आली, त्याबाबत.

महोदय,

मी परभणीत मेडिकलवर कामाला आहे. धाकटी बहीण लातूरला ट्यूशन एरियात खोली करून राहते, मेडिकल प्रवेशाची "नीट" परीक्षा रिपीट करतेय, वय 19. रविवारी तिची टेस्ट झाली की रात्री नऊ ते दहा आम्ही दोघं तुमचा गेम खेळतो. फोन केला तर ती "हो", "जेवले", "बरंय" याच्या पुढे जात नाही. गेममध्ये जीप चालवता चालवता मात्र मेसच्या पाणचट डाळीपासून फिजिक्सच्या सरांपर्यंत सगळं सांगते. त्या एका तासासाठी मी माझ्या पगारातून तिला महिन्याचा पास घेऊन दिला होता.

त्या रविवारी स्क्वॉडमध्ये, म्हणजे चौघांच्या टीममध्ये, आम्ही दोघं आणि तुमच्या सर्व्हरने जोडून दिलेले दोन अनोळखी खेळाडू होते. ही माइकवर म्हणाली, "दादा, पिवळ्या घराच्या गच्चीवर एक जण हाय." एवढंच. मुलीचा आवाज ऐकून एकाने विचारलं, "कोणत्या गावची?" बोलीवरून तेही आमच्याच भागातले. हिने सरळ सांगितलं. लगेच पुढचा प्रश्न, "आडनाव काय?" आमच्याकडे अनोळखी माणूस आडनाव कशासाठी विचारतो हे तुमच्या कार्यालयात कुणाला ठाऊक नसेल तर सांगतो, जात कळावी म्हणून. ती गप्प बसली, तर दुसऱ्याने अंदाजानेच सुरुवात केली. आधी जातीवरून, मग अंगावरून, मग आईवरून. ते शब्द मी या कागदावर लिहिणार नाही. थोड्या वेळाने ती नॉक झाली, म्हणजे गोळी लागून पडली; अशा वेळी टीममधल्या कुणी उचललं तरच वाचता येतं. मी लांब होतो. ते दोघं तिच्या शेजारीच होते, पण उचललं नाही. तिच्याभोवती उड्या मारत, हसत राहिले ते तिच्या जिवाची लाल पट्टी संपेपर्यंत.

तेव्हा तिने चॅटमध्ये इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, "गप बसा रे मुडद्यांनो."

आम्ही दोघांनी रिपोर्ट केला. त्यांनी तिचा आयडी कुठल्या तरी ग्रुपवर टाकला असणार, कारण तासाभरात तिला फ्रेंड रिक्वेस्टांची रांग लागली, एकेक नाव असं की वाचवत नाही. सकाळी उघडून बघते तर 10 दिवसांची बंदी. कारण : "जिवे मारण्याची धमकी आणि अनेक खेळाडूंच्या तक्रारी."

साहेब, मुडद्या ही धमकी नाही. आमच्या आजीने हा शब्द दावं तोडणाऱ्या शेळीला, ऐन स्वयंपाकाच्या वेळी जाणाऱ्या लाइटला आणि लाडात आली तर मलाही लावलेला आहे. तुमच्या यंत्राने त्याचा अर्थ "प्रेत" असा लावला असेल. त्याच यंत्राला जातीवरची शिवी मधे एक आकडा घालून लिहिली की ती दिसतही नाही. गंमत म्हणजे बहिणीचं नाव शीतल. खातं उघडताना तिला स्वतःचं नावच घेता आलं नाही, कारण इंग्रजीत Shital लिहिलं की पहिल्या चार अक्षरांत तुमच्या फिल्टरला घाण दिसते. मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला म्हणून आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. इथे साधी शीतल पास होईना.

मी आधी तुमच्या कस्टमर सपोर्टला मेल केली. "प्रिय योद्धा" अशी सुरुवात असलेलं इंग्रजी उत्तर आलं की व्हिडिओ पुरावा पाठवा. माझ्या फोनवर माइक चालू असला की स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये समोरच्याचा आवाज येत नाही. आवाज जातो तुमच्या सर्व्हरवरून, आणि पुरावा मी आणायचा? मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमिंग कन्सोलवर 2023 पासून खेळाडूला 60 सेकंदांची व्हॉइस क्लिप पकडून तक्रारीला जोडता येते. म्हणजे जमत नाही अशातला भाग नाही. दुसऱ्या मेलला सल्ला आला, "त्रास होत असल्यास म्यूट करा." शीतलच्या खोलीवरच्या दोघी कधीच्या माइक बंद ठेवून खेळतात. गच्चीवर शत्रू दिसला तरी बोलायचं नाही, असा स्क्वॉड गेम तुम्ही मुलींना विकताय का, तेवढं सांगा.

बटण किती जणांनी दाबलं यावर निकाल लागत असेल तर टोळी नेहमीच जिंकणार. 2013 मध्ये काउंटर-स्ट्राइक या गेममध्ये जुन्या, अनुभवी खेळाडूंना मॅचचा रिप्ले दाखवून तक्रारींचा निकाल देण्याची सोय केली होती. मराठी चॅट वाचायला तुम्ही मराठी माणसं बसवा. परभणीत, नांदेडात, बीडमध्ये पैसे न घेताही हे काम करणारी पोरं मिळतील, पण पैसे द्या.

ऑनलाइन कंपन्यांसाठीचे केंद्राचे आयटी नियम 2021 चे. त्यात तेव्हाच ठरलं होतं की तक्रारीची पोच 24 तासांत आणि निकाल 15 दिवसांत द्यायचा. तक्रार अधिकाऱ्याच्या पत्त्यावर मेल टाकून मला 24 दिवस झाले, पोचसुद्धा नाही. यापुढे केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं हे मला माहीत आहे, ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबरही आहे. आणि जातीवरून बोलणाऱ्यांसाठी 1989 चा अॅट्रॉसिटी कायदा काय आहे, हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. पोलिसांत जायचं की नाही ते शीतल तिची परीक्षा झाल्यावर ठरवेल. तोवर त्या मॅचचा आवाज, चॅट आणि त्या दोघांच्या खात्यांची माहिती पुसू नका, हे मी लेखी सांगतोय.

बंदीचे 10 दिवस तर कधीच सरले, पण शिक्षेची नोंद तिच्या खात्यावर तशीच आहे. ती काढा. पासचे वाया गेलेले दिवस परत द्या. त्या दोघांवर काय केलं ते "योग्य कारवाई केली" असं मोघम न लिहिता सांगा, कारण मागच्या रविवारी त्यातला एक जण नावापुढे फक्त एक टिंब वाढवून मला पुन्हा गेमच्या लॉबीत, मॅच सुरू व्हायच्या आधी, दिसला. मी एकटाच होतो. शीतलने गेम अजून उघडलेला नाही. आता ती रविवारी फोन उचलते आणि "जेवले" म्हणते.

उत्तर मराठीत पाठवा.

आपला,
एक ग्राहक, परभणी

सोबत : पासची पावती, बंदीच्या नोटिशीचा स्क्रीनशॉट, दोघांचे आयडी, मॅचची वेळ.