सिस्टर, तुम्ही पायावरची चादर बाजूला केलीत

सिस्टर,

तुमची बदली झाल्याचं सोमवारी डायलिसिसला आल्यावर कळलं. भेट राहिली, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

आठवड्यातून ३ दिवस, ४-४ तास मी त्या खाटेवर. वजन, बीपी, फिस्टुलाची (सुया टोचायला हातात जोडून केलेल्या शिरेची) थरथर, सगळं बघून व्हायचं. पाय चादरीखालीच. तुम्ही पहिल्यांदा मोजे काढायला लागलात तेव्हा मी पाय आखडून घेतले होते. लेकीच्या वयाच्या बाईने पायाला हात लावायचा, तोही नमस्कारासाठी नव्हे, हे जिवावर आलं. (खरं सांगायचं तर पाय मळलेलेही होते.)

"काका, डोळे मिटा. लागलं की 'हो' म्हणा." बराच वेळ थांबून मी विचारलं, "सुरू कधी करणार?" तुम्ही म्हणालात, "आठ ठिकाणी टेकवून झालं." तुमच्या हातात स्पर्श कळतो का ते बघायचा, १० ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा तंतू होता. ३१ वर्षं एसटी चालवली. क्लच किती दबलाय ते तळव्याला कळायचं. साखरेच्या आजारात त्याच तळव्याने बोलणं कधी बंद केलं, मला पत्ताच नव्हता.

त्याच दिवशी करंगळीच्या मुळाशी तुम्हाला जखम दिसली. चपलेत खिळा वर आला होता आणि मी दोन दिवस त्याच्यावरून चालत होतो! तुम्ही लगेच सर्जनकडे पाठवलंत. करंगळी गेली, पाय राहिला.

पुढे तुमचा तासच असायचा. अंघोळीचं पाणी कोपराने बघा. कुरूप ब्लेडने कापू नका (मी वर्षानुवर्षं तेच करत होतो). किडनीच्या आजारात कातडी कोरडी पडते, टाचांना खोबरेल लावा, बोटांच्या बेचक्यात मात्र नको. चप्पल झटकून, आत हात फिरवून मगच घाला. मशीन चालू असताना टाचा गादीवर दाबून राहू नयेत म्हणून पोटरीखाली उशी सरकवायचात, तेही न सांगता.

मारुतीच्या देवळात अनवाणी जाण्यावरून आपलं वाजलं होतं, आठवतं? आता एमसीआरची (मऊ रबराची) चप्पल घालून रस्त्यावरूनच हात जोडतो. साखरेने डोळ्यांचा पडदा खराब केलाय, वाकवतही नाही, म्हणून तळवे बघायचं काम नातवाकडे. रोज रात्री मोबाईलवर फोटो काढतो, मोठा करून दाखवतो आणि वर मलाच दम देतो.

काल नव्या सिस्टर सुया लावायला आल्या. मी आधी चादर बाजूला केली, मोजे काढले आणि म्हटलं, "अगोदर हे बघा."

तुमचा,
खिडकीजवळच्या खाटेवरचा काका