इस्रोच्या दारात एम.कॉम.वालेही उभे राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

इस्रोची कुठलीही मोहीम यशस्वी झाली की आपल्या पानावर इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचे जल्लोषाचे फोटो येतात. येऊ द्या, त्यांचा हक्कच आहे. पण याच नागपूर शहरात एम.कॉम. आणि एमबीए करणारी हजारो पोरे आहेत, आणि अंतराळ संस्थेत आपल्याला शिकण्यासारखे काही असेल हे त्यांच्या मनातही येत नाही. आले तरी उपयोग नाही, कारण इस्रोची विद्यार्थ्यांसाठीची इंटर्नशिप योजना विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांपुरती आहे. वाणिज्य आणि व्यवस्थापनाला तिथे जागा नाही.

ज्यांनी हा कार्यक्रम उभा केला त्या विक्रम साराभाईंना हे नवलाचे वाटले असते. व्यवस्थापन शिकवणारी अहमदाबादची संस्था, आयआयएम, 1961 मध्ये सुरू झाली, तिचे पहिले संचालक साराभाईच. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती झाली आणि 21 नोव्हेंबर 1963 ला केरळमधल्या थुंब्याहून पहिले रॉकेट उडाले. गिरणीमालकाच्या घरात वाढलेल्या या शास्त्रज्ञाने हिशेब आणि प्रयोगशाळा यांच्यात भिंत घातली नव्हती. ती नंतर आपण घातली.

आता तर इस्रोभोवती सरळसरळ व्यापार उभा राहतो आहे. 2019 मध्ये इस्रोच्या कामाचा व्यापार सांभाळणारी न्यूस्पेस इंडिया ही सरकारी कंपनी निघाली. तिच्या कंत्राटावर इस्रोच्या एलव्हीएम-3 रॉकेटने दोन उड्डाणांत इंटरनेट सेवा देणाऱ्या वनवेब या परदेशी कंपनीचे 72 उपग्रह सोडले. 2025 मध्ये छोट्या एसएसएलव्ही रॉकेटचे तंत्रज्ञान हिंदुस्थान एरोनॉटिक्सने 511 कोटींची बोली लावून मिळवले. आता मला सांगा, वर्षानुवर्षे सरकारी पैशातून घडलेल्या तंत्रज्ञानाची किंमत काढायची कशी? खर्च धरून, की पुढच्या कमाईचा अंदाज बांधून? एमबीएच्या दोन वर्षांतली एकही केस स्टडी या प्रश्नाच्या जवळपास जात नाही. खरेदीचेही तसेच. जो भाग एकदाच उडणार आणि वर गेल्यावर दुरुस्त करता येणार नाही, तो सर्वांत कमी दराच्या निविदेतून घ्यायचा का? ही डोकेफोड करणारे पर्चेस आणि अकाउंट्सचे अधिकारी इस्रोत आहेतच, त्यांची भरतीही होते. मग त्यांच्या हाताखाली उन्हाळ्यात दोन पोरे बसली तर काय बिघडणार आहे?

युरोपीय अंतराळ संस्था आणि नासा व्यवसाय शाखेच्या विद्यार्थ्यांना इंटर्न म्हणून घेतात. मात्र पहिलीची दारे मुख्यतः सदस्य देशांच्या नागरिकांना उघडी, दुसरीची अमेरिकनांना. आपल्या पोरांना इस्रोवाचून दुसरे दार नाही.

श्रीहरिकोटाला कुणी जा म्हणत नाही. इस्रोचे प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीची माहिती काढणारे केंद्र, आपल्या अमरावती रोडवर आहे. असेच काम करणारे, 1988 मध्ये स्थापन झालेले राज्य सरकारचे केंद्र एमआरसॅक व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात आहे. नागपूरचे आयआयएम विमानतळाजवळच्या मिहानमध्ये. स्कायरूट या खासगी रॉकेट कंपनीने आपल्या घन इंधनाच्या रॉकेट मोटारींच्या चाचण्या 2020 आणि 2022 मध्ये नागपूरच्याच सोलार इंडस्ट्रीजच्या आवारात घेतल्या. एवढे सगळे एका शहरात असून आमच्या एम.कॉम.च्या मुलांची ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण, कुठे होते? सीएच्या ऑफिसात, जीएसटीच्या नोंदी करत. नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षी ओजेटीचे 4 क्रेडिट ठेवले, हेतू चांगला होता. प्रत्यक्षात बऱ्याच जणांचा भर प्रमाणपत्रावर शिक्का मिळवण्यावर असतो. एमबीएची समर इंटर्नशिप म्हणजे तर अनेकदा नातेवाइकांना विमा पॉलिसी विकण्याची मोहीम. मी वाणिज्य शिकवूनच निवृत्त झालो, असे प्रोजेक्ट रिपोर्ट चाळून चाळून डोळे दुखले आहेत.

तिथे करण्यासारखे काम काय, असे कोणी विचारील. काटोल-नरखेडचा संत्रा उत्पादक घ्या. व्यापारी बागेत येतो, नजरेने अंदाज घेतो आणि फळ झाडावर असतानाच सौदा करून मोकळा होतो. पुढे फळगळ झाली की भांडण. उपग्रहाच्या चित्रावरून लागवडीचे क्षेत्र समजते, झाडांची तब्येत बरीचशी ओळखता येते. झाडावर फळे किती हे मात्र त्यातून मोजून मिळत नाही, तेवढा चमत्कार कुणी गृहीत धरू नये. 2023 च्या अंतराळ धोरणाने ज्यात एक ठिपका जमिनीवरच्या 5 मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचा असतो अशी ढोबळ उपग्रह चित्रे विनामूल्य खुली ठेवायचे ठरवले आहे. म्हणजे कच्चा माल फुकट. पण त्यातून शेतकऱ्याच्या कामाची सेवा उभी करायची तर पैसे कोण देणार, शेतकरी, बँक, विमा कंपनी की कळमना बाजारातला अडत्या? हंगामाला किती दर परवडेल? अंदाज चुकला तर भरपाई कुणी द्यायची? हे प्रश्न शास्त्रज्ञांनी सोडवावेत अशी अपेक्षाच चूक आहे. बागेत जाऊन चार शेतकऱ्यांशी वऱ्हाडीत बोलू शकणारा, ताळेबंद कळणारा पोरगा किंवा पोरगी त्याला हवी.

गोपनीयतेचा आक्षेप येईल, तो रास्तही आहे. रॉकेटच्या फायली दाखवू नका. पीक, पाणी, जंगल यांचे जे काम लोकांसाठीच चालते, तेवढे पुरे. आणि हो, नुसत्या रंगीत स्लाइड करणारी मंडळी नकोत. लेखी परीक्षा घ्या, कॉस्टिंग विचारा, निम्मे आपोआप गळतील.

माझी मागणी मोठी नाही. येत्या उन्हाळ्यापासून अमरावती रोडचे केंद्र आणि एमआरसॅक यांनी मिळून वाणिज्य-व्यवस्थापनाच्या मोजक्या विद्यार्थ्यांना आठ आठवडे घ्यावे, आणि विद्यापीठाने ते काम ओजेटी म्हणून मान्य करावे. पत्रव्यवहार विद्यापीठालाच करावा लागेल, एकट्या कॉलेजच्या अर्जाला कोण विचारतो? आपल्या वार्ताहराने दोन्ही ठिकाणी जाऊन यात नेमकी अडचण काय आहे ते विचारावे आणि जे उत्तर मिळेल ते छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वाणिज्य प्राध्यापक
बजाजनगर, नागपूर