विहिरीतली बुडी आणि समुद्रातली

'पोहता येत नसले तरी स्कूबा करा' हा मालवण-तारकर्लीच्या सहलीवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. स्कूबा म्हणजे सिलिंडरमधल्या हवेवर श्वास घेत समुद्रात मारलेली बुडी. पोहता येत नसले तरी चालते, हे खरे आहे. प्रशिक्षक पर्यटकाला धरूनच खाली नेतो. पण लेखात श्वासाचा नियम कुठेच आला नाही, आणि मराठवाड्यातल्या वाचकाला तोच आधी सांगायला हवा.

आम्ही पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. दम रोखून तळाची माती मुठीत घेऊन वर येणे, हीच आमची बुडी. स्कूबात नेमके हेच करायचे नसते. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून भरून घेतलेली हवा वर येताना दुपटीने फुगते. दम रोखून वर आल्यास फुप्फुसाला इजा होते, ती जिवावरही बेतू शकते. श्वास सतत चालू ठेवायचा, बस.

गेल्या डिसेंबरात परभणीहून रात्रभर प्रवास करून आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो. होडीवर दोन मिनिटांत सूचना उरकल्या. माझ्या पुतण्याला सर्दी होती, हे कुणी विचारलेच नाही. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कानांतला दाब सुटतो. सर्दीत तो सुटत नाही. पोरगा दोन दिवस कान धरून होता.

दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे, सर्दी यांची लेखी विचारणा आणि उथळ पाण्यात श्वासाचा सराव झाल्याशिवाय कुणालाही खाली नेऊ नये. आपण पुढच्या अंकात एवढी चौकट जरूर छापावी.

– एक वाचक, परभणी