विन्या, तुझ्या 'शुड ऑफ'ला उत्तर

सीताबर्डी, नागपूर
दुपार, दुकानातूनच

प्रिय विन्या,

तुझा तो गजभर मेसेज रात्री वाचला. लीड्समधले गोरे लोक 'शुड हॅव'च्या जागी 'शुड ऑफ' लिहितात, तुझा साहेब दर वाक्याला 'बेसिकली' म्हणते, बसस्टॉपवरच्या पोरी श्वास घ्यायच्या जागी 'लाइक' म्हणतात आणि कोणी धड शिवी न देता वाक्य पूर्ण करत नाही, म्हणून तुझं डोकं सटकते. अबे पण तुला सांगितलं कोणी होतं, की तिकडे सगळे आपल्या इंग्रजीच्या सरांसारखं बोलत असतील म्हणून? फोनवर तू मला बोलू देत नाही, ऊन असं आहे की दोन ते पाच गिऱ्हाईक फिरकत नाही, कूलर सुरू आहे, म्हणून बसून टाइप करून राहिलो. हळूहळू वाच.

आधी तुझं शुड ऑफ. ते लोक इंग्रजी कानाने शिकले, आपण डोळ्याने. त्यांनी लहानपणापासून 'शुडव्ह' ऐकलं, लिहायची पाळी आली तेव्हा जसं ऐकू आलं तसं लिहून टाकलं, विषय संपला. आपण गो-वेंट-गॉनचा तक्ता आधी घोकला आणि बोलायची वेळ फार उशिरा आली, म्हणून आपल्याकडचा बारावीत लटकलेला पोरगाही ही चूक सहसा करत नाही. तो दुसऱ्या करते. 'डिस्कस अबाउट' म्हणते कारण मराठीत 'त्याच्याबद्दल' चर्चा करावी लागते, 'रिटर्न बॅक' म्हणते कारण 'परत' म्हटल्याशिवाय आपल्याला कोणी आल्यासारखं वाटतच नाही. आणि प्रीपोनला, म्हणजे तारीख अलीकडे आणण्याला, तू हसत जाऊ नको बरं, पुढे ढकलायला पोस्टपोन आहे तर प्रीपोन काहून नाही, सरळ हिशोब आहे, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही बसला आहे तो शब्द. 'डू द नीडफुल', म्हणजे योग्य ते करावे, हे तर इंग्रज साहेबाचंच, त्यानं टाकून दिलं आणि आपल्या सरकारी पत्रात ते अजून नांदून राहिलं.

तुझ्या तिकडच्या टेस्कोची गोष्ट माहीत आहे का? त्यांच्या काउंटरवर '१० आयटम्स ऑर लेस' अशी पाटी असायची, मोजता येणाऱ्या वस्तूला लेस नाही फ्यूअर लागते म्हणून ग्रामरवाले मागे लागले, तर २००८ मध्ये त्यांनी पाटी बदलून 'अप टू १० आयटम्स' करून टाकली. ना लेस ना फ्यूअर. मला तर हे पक्कं नागपुरी डोकं वाटलं.

माझा त्रास वेगळा आहे. तुला तो वाचावा लागते, मला तो छापावा लागते, तोही फ्लेक्सवर दहा बाय आठच्या साइजमध्ये. परवा एक मोमोवाला आला, फुटाळ्याला गाडी लावणार म्हणे. मोमोज लिहिलं, प्रूफ दाखवलं, तर म्हणते भाऊ ते एसच्या आधी वर टिंब असते ना ते टाका, बाजूवाल्याच्या बोर्डवर आहे. म्हटलं ते ॲपॉस्ट्रॉफी आहे, त्यानं मोमोज म्हणजे 'मोमोचा' होईल. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच भैताड. "कोणाचा का होईना, चांगलं दिसते न भाऊ." टाकला. पैसे त्याचे, बोर्ड त्याचा. आणि हे आपल्याकडेच आहे असं समजू नको, इंग्लंडात याला भाजीवाल्याची ॲपॉस्ट्रॉफी म्हणतात, इतका जुना रोग आहे तो. तिथे जॉन रिचर्ड्स म्हणून एक रिटायर्ड पत्रकार होता, त्यानं २००१ मध्ये ॲपॉस्ट्रॉफी वाचवायची अख्खी सोसायटी काढली, दुकानदारांना नम्रपणे पत्रं पाठवायचा की बाबा तुमच्या बोर्डवर हे चिन्ह चुकलं आहे. २०१९ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी त्यानं सोसायटी बंद केली आणि सांगून टाकलं की अडाणीपणा आणि आळस जिंकले. माणूस मला फार आवडला. पण माझ्या दुकानात आला असता तर दोघांचाही धंदा झाला नसता.

आता लिटरली, म्हणजे खरं तर 'शब्दशः'. हा शब्द आमच्या घरात आता मिठासारखा पडते. भाची येते, चप्पल काढायच्या आधी सुरू, "मामा मी लिटरली मेली", "पेपर पाहून माझं लिटरली डोकं फुटलं". मी तिला एकदा म्हटलं की बाई तू मेली असती तर मी तेराव्याचे कार्ड छापत बसलो असतो, तर तिनं फोन काढून मला डिक्शनरीच दाखवली. खरं निघालं ते. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत २०११ पासून लिटरलीचा हा उलटा, नुसता जोर देण्याचा अर्थही आहे, आणि २०१३ मध्ये कोणाच्या तरी ते लक्षात आलं तेव्हा तिकडच्या पेपरांनी काय बोंब मारली म्हणून सांगू. आणि गंमत म्हणजे तो वापर अठराव्या शतकापासूनचा आहे, या पोरींनी काढलेला नाही.

तसंच ओएमजी, म्हणजे 'ओ माय गॉड'. मी समजत होतो की हे मोबाईलवाल्यांचं पाप आहे. अबे, ते १९१७ चं आहे! लॉर्ड फिशर नावाच्या ब्रिटिश ॲडमिरलनं चर्चिलला पत्र लिहिलं, त्यात सरकारचा कोणता तरी नवीन मानाचा किताब निघून राहिला म्हणे अशी टर उडवली आणि ओ.एम.जी. लिहून पुढे त्याचा अर्थही देऊन ठेवला. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पहिलं महायुद्ध सुरू, आणि हा ओएमजी करून राहिला. त्याच्याही दोनशे वर्षं आधी 'गलिव्हर'वाला लेखक जोनाथन स्विफ्ट 'मॉब' (झुंड) आणि 'बँटर' (थट्टामस्करी) या शब्दांवर दात खाऊन होता, लॅटिनचे दोन शब्द तोडून लोकांनी मॉब केलं हे त्याला सहन होत नव्हतं. १७१० मध्ये त्यानं स्वतःच लिहिलं की हे थांबवायला मी बरीच वर्षं धडपडलो पण संख्येपुढे हरलो. आज मॉब कोणाला खटकते सांग? तुझा तो साहेबही बेसिकली स्विफ्टला हरवूनच जाईल.

शिव्यांचं मात्र तुझं पटलं, पण अर्धंच. मागच्या रविवारी मॅच सुरू होती, भाच्यानं कॅच सुटला तसा तो एफवाला शब्द काढला, आजी बाजूला शेंगा सोलत बसलेली. ती ढिम्म. पुन्हा काढला, तरी ढिम्म, उलट "काय झालं रे, आउट झाला का?" म्हणून विचारलं. तेच त्यानं आपल्या भाषेतलं आईबहिणीवरचं काही काढलं असतं न, तर शेंगांची परात त्याच्या डोक्यात गेली असती. त्या पोरांना हे बरोबर कळलं आहे, म्हणूनच ते इंग्रजीत शिव्या देतात, तिखट नसलेली तर्री आहे ती, कितीही ओता, नाकातून पाणी येत नाही. तिकडे त्याच शब्दानं काय काय झालं पाहा. १९६५ मध्ये केनेथ टायनन नावाचा नाट्यसमीक्षक बीबीसीवर लाइव्ह बोलता बोलता तो शब्द बोलून गेला तर पार्लमेंटात ठराव मांडले गेले. त्याच्या आधी १९१४ मध्ये लंडनच्या स्टेजवर बर्नार्ड शॉच्या नाटकात फुलं विकणारी पोरगी, म्हणजे आपल्या पुलंनी पुढे जिची 'फुलराणी' केली तीच, फक्त 'ब्लडी' म्हणाली, तर पेपरांना दुसरा विषय उरला नाही. आज तुझ्या बसस्टॉपवर ब्लडी म्हणजे स्वल्पविराम. झिजते रे शिवी, नाण्यावरचा राजा झिजते तशी, मग लोक नवीन शोधतात. आणि शिवी कोणती हे ऐकणारा ठरवते. पुण्यात तू रूमवर राहायला गेला होता तेव्हा 'काय करून राहिला बे' म्हटलं म्हणून त्या रूम पार्टनरनं तुझ्याशी आठवडाभर बोलणं टाकलं होतं, आठवते न? आपण तर बे लावल्याशिवाय देवालाही हाक मारत नाही.

आता खरं कशानं डोकं सटकते ते सांगतो. माझं प्लॉटर बंद पडलं, लग्नसराईत. कंपनीचं नाव घेत नाही. मेल केला. उत्तर आलं, काय ग्रामर होतं राजा, एक कॉमा इकडचा तिकडे नाही! 'युअर कन्सर्न इज इम्पॉर्टंट टू अस'. 'द इन्कन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड'. आता यात रिग्रेट करून कोण राहिलं, इन्कन्व्हिनियन्स कॉज केला कोणी, वाक्यात माणूसच नाही. मग 'वी विल रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट', मग 'लेट अस सर्कल बॅक ऑन धिस', मग चार दिवसांनी 'जस्ट टचिंग बेस'. मी फोन केला तर पोरगी म्हणते "सर आय कम्प्लीटली अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन". अग बाई फ्रस्ट्रेशन समजू नको, रोलर पाठव. शेवटी इतवारीतला आपला मेकॅनिक आला, उघडून पाहिलं आणि म्हणाला, "सर, रोलर फुल गॉन है, टुमॉरो पक्का डन." तीन भाषांची मोडतोड केली आणि दुसऱ्या दिवशी अकराला मशीन सुरू! आता सांग, इंग्रजी कोणाला आली?

तुझे ते शुड ऑफवाले लोक मला म्हणूनच झेपतात, त्यांना काहीतरी सांगायचं असते. या मेलवाल्यांना काहीच सांगायचं नसते. आणि हे वरपासून चालत आलेलं आहे, १९८७ मध्ये इराणला विकलेल्या हत्यारांचं लफडं अंगावर आलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगननं अमेरिकेच्या काँग्रेससमोर, म्हणजे त्यांच्या संसदेसमोर, सांगितलं की 'मिस्टेक्स वेअर मेड'. चुका झाल्या. केल्या कोणी? देव जाणे. आपली मराठी यात काही कमी नाही म्हणा, घरी कधी 'मी ग्लास फोडला' ऐकलं का तू? ग्लास आपोआप फुटते, दूध आपोआप उतू जाते, बिल भरायचं राहून जाते. पण घरी निदान कोण ते सगळ्यांना माहीत असते, कंपनीच्या मेलमध्ये तेवढंही नाही.

आणि ही भाषा आता पोरांच्या रेझ्युमेत शिरली. इथल्या मिहानमधल्या कंपन्यांत मुलाखत आहे म्हणून पोरं टाइप करायला येतात, परवा एक आला, हिंगण्याचा, वडिलांचं वेल्डिंगचं दुकान, सुट्ट्यांत स्वतः गेट बनवते. रेझ्युमेत काय लिहून आणलं, 'पॅशनेट, रिझल्ट ओरिएंटेड टीम प्लेअर विथ अ प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड'. म्हटलं वेल्डिंगचं कुठे आहे? म्हणते ते नका टाकू सर, चांगलं नाही दिसत. मी भांडलो त्याच्याशी, खरंच भांडलो. त्यानं एक ओळ टाकू दिली, तीही सगळ्यात खाली, हॉबीजमध्ये.

बरं, आता दोन गिऱ्हाईक आले, थांबतो. तुझ्या चुलत बहिणीच्या लग्नाचं कार्ड माझ्याकडेच आहे, काकांनी इंग्रजी मजकुरात 'अवर लव्हली लिटल इन्व्हिटेशन' की कायसं घातलं आहे, बच्चे कंपनीकडून, ते ठेवू की काढू ते तू त्यांना विचारून सांग, मी विचारलं तर त्यांना राग येईल. प्रूफ व्हॉट्सॲपवर टाकतो. शनिवारपर्यंत कळव, नंतर छपाईला गेलं की माझ्या हातात काही नाही.

तुझाच,
पम्या