क्लच प्लेट बदलण्याआधी केबल पाहा

महोदय,

खंबाटकी घाटात जुनी मारुती 800 चढेना, इंजिन नुसतेच ओरडू लागले, की सरळ क्लच प्लेट बदलायचा सल्ला मिळतो. आधी क्लचचे पेडल हाताने दाबून पाहा. जोर लागण्यापूर्वी साधारण 15 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल हवी. ती उरली नसेल तर क्लच पुरता बसत नाही, घसरतो, म्हणजे इंजिनचा जोर चाकांपर्यंत पुरता पोचत नाही. पेडलपासून क्लचपर्यंत जाणाऱ्या केबलचा गिअरबॉक्सजवळचा नट थोडा सैल करावा. चाल फार असेल तर रिव्हर्स टाकताना खरखर होते. तेव्हा नट आवळावा. पेडल जड लागत असेल तर मात्र नटाशी खेळू नका. बहुधा आतल्या तारा तुटू लागलेल्या असतात. केबलच बदलावी, तेल ओतून भागत नाही. चाल बरोबर असूनही घसरला, तर प्लेटचा खर्च.

– एक वाचक, सातारा